निळ्या पाट्यांचं शहर

तान सोन न्यात विमानतळावर उतरलो तेव्हा आमच्या हातातल्या कागदांचंच एकमेकांशी जमत नव्हतं. तिकिटावर आणि बॅगेला डकवलेल्या चिठ्ठीवर एसजीएन, म्हणजे सायगॉन. हॉटेलच्या पावतीवर हो चि मिन्ह सिटी. आणि न्यायला आलेली तरुण गाईड गाडीचं दार लावता लावता म्हणाली, "अंकल, आंटी, वेलकम टू सायगॉन!"

"मग सरकारी नाव कधी घेता तुम्ही?" मी विचारलं.

"फॉर्म भरताना," ती म्हणाली आणि पाण्याच्या बाटल्या आमच्या हातात दिल्या.

वसाहतवादी गेले आणि देशांनी आपल्या गावांची नावं परत घेतली, ही गोष्ट आपण मुंबईकरांना नवी नाही. १९९५ मध्ये 'बॉम्बे' अधिकृतपणे मुंबई झालं तेव्हा मराठी माणसाच्या तोंडातला एकही शब्द बदलावा लागला नव्हता. आपण मुंबईच म्हणत होतो, सरकारी कागद तेवढे मागाहून आले. सायगॉनमध्ये नेमकं उलट आहे. 'सायगॉन' हे नाव फ्रेंचांनी दिलेलं नाही. फेब्रुवारी १८५९ मध्ये फ्रेंच आरमारानं हे ठाणं घेतलं त्याच्या कितीतरी आधीपासून व्हिएतनामी लोक या भागाला ते नाव वापरत होते. त्याहीआधी इथे ख्मेर लोकांची वस्ती होती आणि ते याला प्रेय नोकोर म्हणत. म्हणजे परक्यांचं नाव पुसून आपलं लावलं असा हा प्रकार नव्हे. इथे आपलंच एक नाव बाजूला सारून दुसरं आपलंच लावलं गेलं. ३० एप्रिल १९७५ रोजी उत्तरेच्या फौजा शहरात शिरल्या, दक्षिणेचं सरकार कोसळलं, आणि २ जुलै १९७६ रोजी एकत्र झालेल्या देशाच्या संसदेनं सायगॉनचं हो चि मिन्ह सिटी केलं.

तरी जुनं नाव हटलं नाही. नदी सायगॉनच राहिली, रेल्वे स्टेशन सायगॉनच राहिलं, १८६० च्या दशकात उघडलेलं प्राणिसंग्रहालय आणि हॉटेलात समोर येणारी बिअरही सायगॉनच. गंमत म्हणजे इथल्या कम्युनिस्ट पक्षाच्या दैनिकाचं नावच 'सायगॉन जाय फोंग', मुक्त झालेलं सायगॉन. १९७५ पासून ते त्याच नावानं निघतंय. आणि जुलै २०२५ मध्ये शहराची हद्द वाढवून जुने जिल्हे मोडीत काढले, तेव्हा अगदी मध्यवस्तीतल्या एका नव्या वॉर्डाला सरकारनंच नाव दिलं सायगॉन. आमचं हॉटेल त्याच वॉर्डात होतं. गाईड मात्र चालकाला पत्ता सांगताना "डिस्ट्रिक्ट वन" म्हणाली. जिल्हा रद्द होऊन काही महिने झाले होते, पण चालकाला लगेच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं तापायच्या आत नदीकडे गेलो. न्या रोंग नावाचा जुना धक्का आहे. फ्रेंच जहाज कंपनीची ही इमारत, छपरावर ड्रॅगन. जून १९११ मध्ये इथून एका जहाजावर भटारखान्यात मदतनीस म्हणून एक विशीतला पोरगा चढला. त्यानं नाव सांगितलं होतं बा. आईबापांनी ठेवलेलं नाव न्गुयेन सिन्ह कुंग, शाळेतलं न्गुयेन तात थान्ह, पॅरिसमध्ये गाजलं ते न्गुयेन आय क्वोक. हो चि मिन्ह हे त्यानं १९४० च्या दशकात घेतलेलं नाव. पोलिसांना चुकवत आयुष्यभर नावं बदलणाऱ्या माणसाचं शेवटचं टोपणनाव या शहराच्या वाट्याला आलं. १९११ मध्ये त्यानं सायगॉन सोडलं ते सोडलंच. २ सप्टेंबर १९६९ रोजी हनोईत तो वारला, तेव्हा सायगॉन शत्रूच्या ताब्यात होतं. त्याच्या नावाच्या शहराशी त्याचं प्रत्यक्ष नातं एवढंच, एका बोटीवर चढण्यापुरतं.

नदीकाठावरून वर शहराकडे निघणारा रस्ता म्हणजे दोंग खोई. किलोमीटरभर लांबीचा, दोन्ही बाजूंना झाडं, महागडी दुकानं, वर टोकाला लाल विटांचं नोत्र दाम चर्च. चौकाचौकात निळ्या पाट्या, पांढरी अक्षरं. सायगॉनचा इतिहास कुणाला तासाभरात उरकायचा असेल तर याच रस्त्यानं चालावं. फ्रेंच आल्यावर १८६५ मध्ये याला नाव मिळालं रू कातिना. कातिना हे एका फ्रेंच युद्धनौकेचं नाव, आणि त्या नौकेला ते चौदाव्या लुईच्या एका सेनापतीवरून मिळालेलं. १८५६ मध्ये या नौकेनं दा नांगवर तोफा डागल्या होत्या. ज्या नौकेच्या तोफांनी तुमचा किनारा भाजला तिचंच नाव तुमच्या बाजाररस्त्याला द्यायचं, याला साम्राज्याचा विनोद म्हणायचा की उर्मटपणा ते ज्याचं त्यानं ठरवावं.

१९५४ मध्ये फ्रेंचांचा पराभव झाला, देश दोन तुकड्यांत विभागला. दक्षिणेत न्गो दिन्ह दिएमचं सरकार आलं आणि १९५५ मध्ये त्यानं फ्रेंच नावांवर घाऊक हात फिरवला. कातिनाचं झालं तू दो, म्हणजे स्वातंत्र्य. सायगॉनमधल्या पहिल्या फ्रेंच कारभाऱ्यांपैकी ॲडमिरल शार्नेच्या रस्त्याला अठराव्या शतकातला राजा न्गुयेन ह्वे मिळाला, ॲडमिरल बोनारच्या रस्त्याला पंधराव्या शतकात चिनी सैन्याला हुसकून लावणारा ले लोई. मार्शल मॅकमॅहनच्या नावानं ओळखला जाणारा रस्ता पुढे काँग ली झाला, म्हणजे न्याय. वसाहत संपल्यावर कुठलाही देश करतो तेच हे. त्यात वावगं काही नाही आणि आज कुणाला त्याचं दुःखही नाही. ले लोई आणि न्गुयेन ह्वे यांच्या पाट्या १९७५ नंतरच्या सरकारनंही तशाच ठेवल्या.

कातिनाचं तिसरं नाव आलं १९७५ मध्ये. तू दोचं दोंग खोई झालं. दोंग खोई म्हणजे १९६० मध्ये दक्षिणेतल्या बेन त्रे प्रांतात सरकारविरुद्ध झालेला उठाव. आणि काँग लीचं झालं नाम की खोई न्गिया, १९४० मध्ये फ्रेंचांविरुद्ध दक्षिणेत झालेला उठाव. सायगॉनकर पाट्या वाचत गेले आणि त्यांनी त्यातून एक तिरकस कोटी तयार केली. एका उठावानं न्याय खाल्ला, दुसऱ्यानं स्वातंत्र्य. गाईडनं हे हळू आवाजात सांगितलं, मग इकडेतिकडे पाहून हसली. "माझ्या आजीचा विनोद आहे," ती म्हणाली. नंतर कळलं की तो सगळ्या शहराच्या आज्यांचा विनोद आहे.

रस्त्याच्या मध्यावर ऑपेरा हाऊस लागतं. फ्रेंचांनी १९०० मध्ये पुरं केलेलं. दक्षिणेच्या सरकारनं त्यात संसद भरवली, १९७५ नंतर पुन्हा नाटकगृह झालं. शेजारी १८८० चं कॉन्टिनेंटल हॉटेल. ग्रॅहम ग्रीनच्या 'द क्वाएट अमेरिकन'मधलं सायगॉन याच परिसरातलं. कादंबरीत अर्थातच कातिना आहे, त्यामुळे पुस्तक वाचून आलेले पाश्चात्त्य पर्यटक पाटीकडे पाहतात, नकाशाकडे पाहतात आणि मग शेजारच्या कॉफीवाल्याला विचारतात. कॉफीवाल्याला तिन्ही नावं पाठ असतात. धंद्याची गरज.

चर्चच्या समोरच पोस्ट ऑफिस आहे, १८९१ मध्ये बांधून पुरं झालेलं. आत शिरलो. लांबच लांब कमानदार छत, पायाखाली नक्षीच्या फरशा, बाजूला लाकडी टेलिफोन बूथ. सगळ्यात शेवटी भिंतीवर हो चि मिन्ह यांचं मोठं चित्र. दाराजवळच्या दोन्ही भिंतींवर रंगवलेले भलेमोठे नकाशे आहेत. त्यातल्या एकावर फ्रेंचमध्ये लिहिलंय, 'सायगॉन आणि परिसर, १८९२'. म्हणजे हो चि मिन्ह यांची नजर थेट ज्या दिशेला लागलेली आहे तिकडेच सायगॉन लिहिलेलं आहे, आणि दोघांचंही एकमेकांशी बरं चाललंय. बायकोनं नातीला पोस्टकार्ड लिहायला घेतलं. तिकीट चिकटवून झाल्यावर ती म्हणाली, "अहो, गावाचं नाव काय घालू?" मी म्हटलं, "शिक्का पडेलच की." तिनं सायगॉन घातलं.

पोस्टातून बाहेर पडलं की दक्षिणेच्या राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्याकडे जाणारा रुंद रस्ता लागतो. याची पाटी तर तीन वेळा बदलली. फ्रेंचांच्या काळी नोरोदोम, म्हणजे ज्या कंबोडियन राजानं फ्रेंचांचं संरक्षण पत्करलं त्याच्या नावानं. १९५५ मध्ये थोंग न्यात, म्हणजे एकीकरण. १९७५ मध्ये ३० एप्रिल. आणि १९८६ मध्ये पक्षाचा सरचिटणीस ले दुआन वारला तेव्हा त्याच्या नावानं. समोरचा राजवाडाही आधी नोरोदोमच होता. १९५४ मध्ये तो हाती आल्यावर दिएमनं त्याला स्वातंत्र्य प्रासाद केलं. १९६२ मध्ये त्याच्याच वैमानिकांनी त्यावर बॉम्ब टाकले, मग नवा बांधला, तो १९६६ मध्ये पुरा झाला. त्याच्याच फाटकातून १९७५ चे रणगाडे आत घुसले. आज तिकिटाच्या खिडकीवर दोन्ही नावं दिसतात, स्वातंत्र्य प्रासादही आणि एकीकरण सभागृहही.

मी थांबलो तो मात्र ले दुआनवर नव्हे. राजवाड्यासमोरच्या बागेच्या दोन कडांनी दोन छोट्या गल्ल्या जातात. एकीवर पाटी आहे हान थुयेन, दुसरीवर आलेक्सांद्र द रोड. हान थुयेन तेराव्या शतकातला. चिनी अक्षरांच्या धर्तीवर बेतलेल्या नोम लिपीत व्हिएतनामी भाषेत लिहिणाऱ्या पहिल्या कवींमध्ये त्याची गणना होते. आणि आलेक्सांद्र द रोड हा सतराव्या शतकातला जेझुइट पाद्री. त्याच्या आधीच्या पोर्तुगीज पाद्र्यांनी व्हिएतनामी भाषा रोमन अक्षरांत लिहायला सुरुवात केली होती. ते सगळं काम एकत्र करून त्यानं व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन कोश तयार केला आणि १६५१ मध्ये तो रोममध्ये छापला. आज अख्खा व्हिएतनाम ज्या लिपीत लिहितो ती हीच. स्वरांवर टोप्या, खाली टिंबं, बाजूला शेपट्या असलेली रोमन.

हे वाचताना गोव्याची आठवण येणं अपरिहार्य होतं. हा पाद्री लिस्बनहून निघाला तो १६१९ मध्ये आधी गोव्यातच उतरला आणि पुढे मकाऊकडे जाण्यापूर्वी दोनेक वर्षं तिथे राहिला. ज्या वर्षी तो गोव्यात आला त्याच वर्षी तिथे फादर थॉमस स्टीफन्स वारले, ज्यांनी मराठीत 'क्रिस्तपुराण' रचलं आणि १६१६ मध्ये रायतूरला रोमन अक्षरांत छापवलं. म्हणजे एकाच संघाचे पाद्री, एकच हातोटी. स्थानिक भाषा शिका, ती आपल्या अक्षरांत बांधा आणि त्यातून धर्म सांगा. मराठीनं ती अक्षरं घेतली नाहीत, कोकणीनं काही अंशी ठेवली, व्हिएतनामनं पुरती आपली केली. फ्रेंचांनी राज्यकारभारासाठी ही लिपी पुढे रेटली हे खरं. पण १९४५ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केल्यावर हो चि मिन्ह यांनी साक्षरतेची मोहीम काढली ती याच लिपीत, कारण शेतकऱ्याला ती काही महिन्यांत वाचता येत होती.

त्यामुळे फ्रेंच ॲडमिरलांची नावं काढणाऱ्या प्रत्येक पाटीवरची अक्षरं मात्र एका युरोपियन पाद्र्याच्या कोशातून आलेली आहेत. १९७५ नंतरच्या सरकारला हे काही वर्षं पटलं नाही. द रोडची पाटी उतरवून तिथे एका क्रांतिकारकाचं नाव लावलं. १९९० च्या दशकात पाद्री परत आला. आज एका बाजूला हान थुयेन, दुसऱ्या बाजूला द रोड, मधल्या बागेत झाडांखाली वर्तमानपत्र अंथरून कॉलेजची मुलं बर्फाची कॉफी पीत बसलेली असतात. दोन्ही लिप्यांचे बाप समोरासमोर, मध्ये भाषा वापरणारी मंडळी. पाट्या लावणाऱ्या खात्यात कुणीतरी विचार करणारा माणूस असावा.

दुपारी बायको म्हणाली, आता माझा रस्ता दाखवा. ती मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यात सिस्टर होती, लसीकरणात तिची उभी नोकरी गेली. सायगॉनच्या नकाशात तिनं स्वतःच खुणा करून ठेवल्या होत्या. पास्तर, काल्मेत, येरसां. तिघेही फ्रेंच वैद्यकशास्त्राचे, तिघांचे रस्ते शहराच्या मधोमध.

पास्तर रस्त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. फ्रेंचांच्या काळी त्याचं नाव होतं पेलरां, एका बिशपचं. १९५५ मध्ये दिएम सरकार फ्रेंच नावं काढत होतं त्याच वेळी पेलरां काढून तिथे लुई पास्तर लावला. फ्रेंच काढून फ्रेंच! १९७५ नंतर ही पाटीही गेली आणि १९४१ मध्ये फ्रेंचांनी गोळ्या घातलेल्या न्गुयेन थी मिन्ह खाई या क्रांतिकारक बाईचं नाव तिथे आलं. १९९१ मध्ये बाईंना जवळचाच दुसरा मोठा रस्ता दिला आणि पास्तर परत आपल्या जागी आला. याला कारणही आहे. याच रस्त्यावर पास्तर इन्स्टिट्यूट उभी आहे, पॅरिसबाहेर निघालेली पहिली. १८९१ मध्ये आल्बेर काल्मेतनं ती सुरू केली. राज्य कुणाचंही असो, कुत्रं चावलेला माणूस तिथेच धावतो. लोक रस्त्याला पास्तर म्हणत राहिले, शेवटी पाटीनं माघार घेतली.

काल्मेत रस्ता तिथून दक्षिणेला, बेन थान्ह बाजाराच्या पलीकडे. आम्ही पोचलो तेव्हा फुटपाथवर प्लास्टिकच्या बुटक्या खुर्च्या मांडून दोन बायका नूडल्सचं सूप विकत होत्या. बायकोनं पाटीखाली उभं राहून बाही वर केली आणि डाव्या दंडावरचा गोल व्रण दाखवला. "बीसीजी," ती म्हणाली. "यातला सी म्हणजे हा." बासिल काल्मेत-गेरां. क्षयाची लस, १९२१ मध्ये पहिल्यांदा एका बाळाला दिलेली. सूपवाल्या बाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण व्रण कळला. तिनंही आपली बाही वर करून दंड दाखवला. तिचा व्रण जरा मोठा होता. दोघी बराच वेळ हसत राहिल्या आणि सूपचे पैसे घ्यायला ती बाई तयार होईना.

काल्मेतचं आणखी एक काम इथेच सुरू झालं. पुराच्या पाण्यानं एका गावात नाग शिरले, माणसं दगावली, आणि विषावर उतारा कसा काढता येईल याचा नाद त्याला लागला. सर्पविषावरच्या सीरमची सुरुवात त्यातून झाली. आपल्याकडे परळच्या हाफकिनमध्ये तसंच सीरम पुढे वर्षानुवर्षं तयार होत राहिलं.

येरसां रस्ता तिथून जवळच आहे. त्यावर दान सिन्ह बाजार लागतो, लोखंडी सामानाचा आणि युद्धाच्या उरल्यासुरल्या वस्तूंचा. पंप, साखळ्या, पाने, दोरखंड, आणि त्यातच अमेरिकन हेल्मेटं, लष्करी पाण्याच्या बाटल्या, गळ्यात घालायचे पत्र्याचे बिल्ले. एका टपरीत पितळी लायटरचा ढीग होता, प्रत्येकावर गावाचं नाव आणि साल कोरलेलं. सायगॉन ६८, दा नांग ६९, न्या त्रांग ७०. बहुतेक सगळे नकली, अलीकडे बनवलेले, हे दुकानदारही लपवत नाही. पण नकली माल करणाऱ्यालाही ठाऊक आहे की लायटरवर हो चि मिन्ह सिटी कोरलं तर कुणी घेणार नाही.

संध्याकाळी गाईड आम्हाला तिच्या आजीच्या भागात घेऊन गेली, बा चिएउ बाजाराजवळ. तिथे लांग ओंग नावाचं देवस्थान आहे. खरं तर ती एका माणसाची समाधी, ले वान दुयेतची. हा जिया दिन्हचा, म्हणजे सगळ्या दक्षिणेचा सुभेदार. १८३२ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या दत्तक मुलानं राजाविरुद्ध बंड केलं, ते मोडायला १८३५ उजाडलं, आणि संतापलेल्या मिन्ह मांग राजानं मेलेल्या दुयेतलाच शिक्षा दिली. समाधी सपाट केली, त्याच्या अपराधाचा दगड तिथे उभा केला. पुढच्या राजांनी चूक सुधारली, समाधी पुन्हा बांधली. लोकांनी मात्र कधीच सोडलं नव्हतं. दक्षिणेच्या माणसाला हा आपला वाटतो. नवस बोलतात, तेतच्या, म्हणजे नववर्षाच्या सणाला रीघ लागते, देणंघेणं मिटवताना त्याच्यासमोर शपथ घेतात.

१९७५ मध्ये दुयेतच्या नावाचे रस्ते गेले. नव्या इतिहासाच्या लेखी तो सरंजामी, आणि त्याची निष्ठा ज्या न्गुयेन घराण्याला होती त्यानं पुढे फ्रेंचांपुढे मान तुकवलेली. समाधीसमोरचा रस्ता दहाव्या शतकातल्या दिन्ह तिएन होआंग या सम्राटाच्या नावात मिसळून टाकला. तोही व्हिएतनामीच, आणि थोर. तक्रार तरी कशी करणार? आजी मात्र रिक्षावाल्याला "ले वान दुयेत" म्हणूनच पत्ता सांगत राहिली. गाईडची एक बाजू उत्तरेच्या फौजेत लढलेली, दुसरी दक्षिणेच्या. हा पत्ता सांगण्यावरून त्यांच्या घरात जेवणाच्या ताटावर भांडणं झालेली तिनं पाहिली आहेत. अखेर २०२० मध्ये शहराच्या प्रतिनिधींनी ठराव केला आणि समाधीसमोरच्या भागाला ले वान दुयेत हे नाव परत दिलं. गाईड मला त्या पाटीखाली उभं करून म्हणाली, "आजीला हे बघायला मिळालं."

समाधीच्या आवारात उदबत्त्यांचा धूर दाटला होता. एक माणूस दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकून कौल घेत होता. उलटे पडले, त्यानं पुन्हा टाकले. देवाकडून हवं ते उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायची सवय आपल्यालाही आहे, त्यामुळे त्याचं मन कळलं.

दोन दिवसांनी रेल्वेनं न्या त्रांगला निघालो. तिकिटावर 'सायगॉन' छापलं होतं. गाडी हनोईपर्यंत जाणारी, त्या मार्गाचं नाव एकीकरण. सात-आठ तास शेतं, मग मिठागरं, मग समुद्र. न्या त्रांगपासून वीसेक किलोमीटरवर सुओई दाऊ नावाच्या ठिकाणी एका टेकाडावर अलेक्सांद्र येरसांची समाधी आहे, फिक्या निळ्या रंगाची. स्वित्झर्लंडमध्ये जन्मला, फ्रेंच नागरिक झाला आणि उरलेलं आयुष्य इथे काढलं. १८९४ मध्ये हाँगकाँगला त्यानं प्लेगचा जंतू शोधला. रबराची आणि कोयनेलच्या झाडाची लागवड इथे रुजवण्यात त्याचा मोठा वाटा. दा लातचं पठार त्यानंच पायी फिरून नकाशावर आणलं. १९४३ मध्ये वारला. कोळ्यांच्या पोरांना आपल्या घरी बोलावणारा, पैसे न घेता औषध देणारा म्हातारा म्हणून लोक त्याला ओंग नाम म्हणत, आदरानं. समाधीशेजारी लहानसं देऊळ आहे, त्यात फळं आणि उदबत्त्या.

हाच येरसां मार्च १८९७ मध्ये मुंबईत आला होता, आपलं प्लेगवरचं सीरम घेऊन. मुंबई-पुण्यात माणसं पटापटा मरत होती. त्याच महिन्यात पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. येरसांच्या सीरमला मुंबईत यश आलं नाही. त्याच्याआधी काही आठवडे वाल्देमार हाफकिननं ग्रँट मेडिकल कॉलेजात स्वतःच्या अंगावर आपली लस टोचून घेतली होती. ओडेसाचा हा यहुदी, पॅरिसच्या पास्तर संस्थेतून आलेला. येरसांच्या जागी आलेल्या पॉल-लुई सिमोंनं १८९८ मध्ये कराचीत उंदरावरच्या पिसवांचं रहस्य उलगडलं आणि तोच पुढे सायगॉनच्या पास्तर संस्थेचा प्रमुख झाला. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ पासून चालणारी प्रयोगशाळा १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट झाली, ब्रिटिशांच्याच राज्यात. एल्फिन्स्टन रोड स्टेशन २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. त्याच परळात, तिथून चालत जाण्यासारख्या अंतरावर, हाफकिनचं नाव आहे तिथे आहे.

"अहो, हाफकिनचं नाव बदला म्हणून कुणी आंदोलन केल्याचं ऐकलंत कधी?" बायकोनं विचारलं.

"मी तरी नाही."

"मग झालं."

तिच्या लेखी प्रश्न संपला. माझ्या लेखी अर्धाच. परक्यांचा हिशोब सायगॉननं झटपट केला. तोफा घेऊन आले त्यांची नावं १९५५ मध्ये एका दमात गेली, ज्यांचं काम अजून चालू आहे ते राहिले, आणि पास्तर किंवा द रोडसारखा कुणी घाईत गेलाच तर पंधरा-वीस वर्षांत परत आणला. राग निवायला तेवढा वेळ पुरला. आपल्या माणसांचं तसं झालं नाही. ले वान दुयेतची पाटी परत यायला पंचेचाळीस वर्षं लागली आणि तो तर १८३२ मध्येच वारलेला, त्याच्याशी आज कुणाचं वैर उरलेलं नाही. १९७५ मध्ये जे हरले त्यांच्यापैकी कुणाची पाटी मला सायगॉनभर फिरून एकाही चौकात दिसली नाही. गाईडच्या घरातल्या दुसऱ्या, दक्षिणेच्या बाजूची माणसं ती. त्यांच्या नावावर अजून ठराव यायचा आहे.